गोबीत लागलेलं गोडं पाणी

"पाणी लागलं! अहो, खरंच लागलं!"

खड्ड्याभोवती सगळ्या वस्तीची झुंबड उडाली. म्हाताऱ्यांनी दुधाचे शिंतोडे आभाळाकडे उडवले, बायकांच्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि तहानलेल्या मेंढ्या माणसांच्या पायांतून घुसून त्या गढूळ डबक्याला तोंड लावायला बघत होत्या. मी इथली गुरांची डॉक्टर. गोबीच्या वाळवंटात जन्मले, इथेच केस पिकले. गवताची काडी नसलेल्या या उघड्या माळावर हातभर खोलीला पाणी? छे, माझ्या काही पचनी पडेना.

अधूनमधून ट्रक घेऊन वस्तीवर येणारे, अंगात देव आणणारे चोयदोग गुरू डफ वाजवत डुलत होते. गळ्यातले पितळी आरसे खणखणत होते.

"पाण्याचा देव लूस मला म्हणाला, चोयदोग, फार गारठलोय रे! म्हणून तर इथे सकाळपासून शेणकुटांचा जाळ करायला लावला. देवाला ऊब मिळाली, देवाला पाझर फुटला!"

"आणि देवाची दक्षिणा?" मी विचारलं.

"घरटी एक मेंढी, डॉक्टरबाई. जाड शेपटीची. लूसला रोडकी चालत नाही."

"लूसला, की तुम्हाला?"

"बाई, तोंड आवरा!" मेंढपाळ गोंबोजाव माझ्यावर खेकसला.

गोंबोजावला तरी काय बोलणार? त्याची विहीर हिवाळ्यात ढासळली. आता मेंढ्या वीत होत्या, आणि पाण्यावाचून आईच्या सडात दूध उतरत नव्हतं. रोज सकाळी तो मेलेली कोकरं उचलून नेऊन टाकायचा. खाली कोरड्या नदीच्या पात्रात देरस गवताची उंच जुडगी उभी होती. देरस आहे तिथे पाणी वर असतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मी केव्हाची कानीकपाळी ओरडत होते, "अरे, तिथे पुरुषभर खणा, दगडांनी बांधून घ्या. दरसाल बर्फ वितळून झरा भरत राहील. जेवढं भरतं तेवढंच उपसा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पुरेल."

पण गोंबोजावने एकदा तिथे कुदळ मारली होती, आणि त्याच थंडीत त्याची लेक गेली. न्यूमोनिया झाला होता तिला. माणसांच्या डॉक्टरची गाडी वाटेत बर्फात रुतली. हे मी त्याला हजारदा सांगितलं. गुरूंनी एकदाच सांगितलं, "देरस म्हणजे लूसचे केस. तू ते उपटलेस." बस, तेच त्याच्या काळजात जाऊन बसलं.

दुपारी त्याच्या बायकोने, दुलमाने, त्या नव्या पाण्याचा, आमच्या पद्धतीचा दूध-मिठाचा चहा केला. मी घोट घेतला.

"काय गं, मीठ विसरलीस?"

"नाही हो. नेहमीसारखी चिमूट टाकली की." तिनेही चाखला आणि वाटी खाली ठेवली. "अगंबाई! हा तर हिवाळ्यातल्या पाण्यासारखा लागतोय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या जमिनीतलं पाणी मुळातच खारट, त्याला चिमूटभर मीठ पुष्कळ होतं. हिवाळ्यात मात्र आम्ही तळ्यावरून बर्फाच्या लाद्या आणून वितळवतो. ते पाणी गोडं, त्याला मूठभर मीठ घालावं लागतं. म्हणजे हे पाणी या जमिनीचं नव्हतंच!

दुसऱ्या दिवशी खड्डा ठणठणीत कोरडा.

"कुणीतरी पाप केलंय!" गुरू गरजले. "लूस रुसला. आणखी एकेक मेंढी लागेल."

मी कुदळ घेऊन सरळ खड्ड्यात उतरले. चार घाव घातले, तोच आधी सुकं शेण निघालं, मग लोकरीच्या नमद्याचा दोरीने बांधलेला ओला तुकडा, आणि त्याच्या घडीत बर्फाची बोटभर चीप. त्याखाली नुसता फुफाटा.

"हे काय हो गुरुजी?"

"ते... ते लूसचं अंथरूण!"

"वा! आणि देवाच्या अंथरुणाला तुमच्या ट्रकच्या ताडपत्रीची दोरी?"

लोक खो खो हसले. मी ओरडून सगळं सांगितलं. यानेच रात्री बर्फाच्या लाद्या शेणानमद्यात गुंडाळून इथे पुरल्या, तुमच्याच हाताने वर जाळ करवला, बर्फ वितळला, पाझर फुटला! पोरांनी ढेकळं उचलली. गुरू डफ टाकून ट्रककडे पळाले, ते पुन्हा दिसले नाहीत. दक्षिणेच्या मेंढ्या आदल्या दिवशीच ट्रकमध्ये चढल्या होत्या.

मला वाटलं, जिंकले मी. कुदळ गोंबोजावपुढे धरली. "चल आता पात्रात."

तो जागचा हलला नाही.

"पाण्याबद्दल तो खोटं बोलला, बाई. पण लूसबद्दल खोटं बोलला कशावरून? दुलमाच्या पोटात पोर आहे. मेंढ्या मरतील तर मरू देत."

 मी कुदळ खांद्यावर टाकून पात्राकडे वळले.

तेवढ्यात त्याच्या मेंढ्या वास घेत आपणहून पात्रात उतरल्या. रानगाढवांनी देरसपाशी खुरांनी वाळू उकरून ठेवली होती, त्या खळग्यात ओंजळभर पाणी चमकत होतं. मेंढ्या त्यावर तुटून पडल्या. गोंबोजाव धावत गेला, काठीने त्यांना मागे हाकलू लागला, आणि हाकलता हाकलता हमसून हमसून रडू लागला.

मी एकटीच खणायला लागले. पण वाळूत विहीर एकट्याने होत नाही. एकाने खणायचं, दुसऱ्याने लगोलग दगड रचायचे, नाहीतर कडा ढासळतात. मी खणते आहे, वाळू परत आत घसरते आहे. काठावर दुलमा उभी आहे. हातात एक दगड आहे. ती खाली उतरत नाही, आणि दगड टाकूनही देत नाही.

बाबांनो, भोंदूचा बर्फ एका घोटात ओळखता येतो. मनातली भीती अशी एका घोटात जात नाही. तरी डोकं चालवा. रानगाढव रोज लूसचे केस तुडवतं, पाणी पितं, आणि त्याचं शिंगरू धडधाकट बागडतं. तुमची लेक थंडीने गेली रे, पाण्याने नाही. कोकरं अजून ओरडताहेत. ये दुलमा, खाली ये, एवढा एक दगड लाव.