लायक होईपर्यंत

कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेचा विषय होता: परकी सत्तेने ताब्यातल्या देशाला स्वराज्य कधी द्यावे, लगेच की लोक लायक झाल्यावर? विषय काढला होता संस्थेचे अध्यक्ष बसलिंगप्पांनी. भवानी पेठेत दुकान, अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना आणि वर हे कॉलेज. त्यामुळे स्वराज्यावर बोलायचा अधिकार आपल्याशिवाय कुणाला, असं अप्पांना मनापासून वाटायचं.

वसतिगृहात राहणाऱ्या सिद्धेश्वरीच्या वाट्याला चिठ्ठ्या टाकल्यावर ‘लायक झाल्यावर’ ही बाजू आली. मैत्रिणी हळहळल्या. तिला मात्र हसू आलं, कारण या बाजूचं भाषण तिला आधीच तोंडपाठ होतं.

मुलींच्या वसतिगृहाला स्वतः निवडलेली समिती हवी होती. जेवणात काय करायचं, फाटक किती वाजता लावायचं, एवढंच ठरवायला. फाटक सहाला बंद आणि लायब्ररी आठपर्यंत उघडी. म्हणजे अभ्यासाचे दोन तास रोज मुलांना आंदण. तीन वर्षं तिने अर्ज दिले आणि तीनही वर्षं अप्पांनी लेखी नकार पाठवला. हे तिचं शेवटचं वर्ष. आता समिती झाली नाही तर पुढच्या जूनमध्ये धाकटी बहीण याच फाटकाआड येऊन बसणार, याचा तिला संताप येत होता.

व्यासपीठावर जाऊन तिने अप्पांची ती नकाराची पत्रंच म्हणून दाखवली. ‘विद्यार्थिनी’ होतं तिथे ‘जनता’ घातलं, ‘वसतिगृह’ होतं तिथे ‘देश’, ‘संस्था’ होतं तिथे ‘सत्ता’. बाकी स्वल्पविरामालाही हात लावला नाही. जनता अजून अपरिपक्व आहे. तिने आधी जबाबदारी शिकावी, मग अधिकार मागावा. योग्य वेळ सत्तेलाच कळते, कारण तिला जनतेची आईसारखी काळजी असते. अप्पा डोळे मिटून मान डोलावत होते. स्वतःचंच उष्टं इतक्या चवीनं खाणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला.

पहिला नंबर अर्थातच तिचा आला. करंडक देताना अप्पांनी माइक ओढून घेतला आणि इतके मुद्देसूद विचार आजवर ऐकले नव्हते, असं सांगितलं. परीक्षकांनी लगबगीने होकार दिला; त्यांना बोलावलंच होतं त्यासाठी.

“अप्पा, हे विचार तुमचेच हायत,” ती म्हणाली आणि तिन्ही पत्रं त्यांच्या हातात दिली. “जावक क्रमांकासकट.”

सभागृहात हशा पिकला. अप्पांनी चष्मा लावला, स्वतःची सही ओळखली, पण माणूस असा निगरगट्ट की घाम पुसून लगेच प्रेमळ झाला. मुलींची तयारी पाहून आनंद झाला, म्हणाले. समिती द्यावी का, याचा अभ्यास करायला आपण एक समिती नेमू, तिचा अध्यक्ष मीच होईन.

सिद्धेश्वरीला राग येईना. राग यायला समोर जरा मोठं माणूस लागतं. या गृहस्थाकडे आपण तीन वर्षं मागत राहिलो, याचीच तिला लाज वाटली. तिने करंडक टेबलावर ठेवला आणि माइक हातात घेतला. वसतिगृहाच्या सत्तर मुली मागच्या रांगांत बसल्या होत्या. आपली समिती आत्ता इथेच निवडू, असं तिने त्यांना सांगितलं आणि पहिलं नाव सुचवलं सुंदरम्माचं. दुसऱ्या वर्षाची, फाटकावरून दोनदा भांडलेली. मागच्या रांगांतून हात वर झाले.

“अगं, पण परवानगी कुणाची?” अप्पा पुटपुटले. “मग मी काय करायचं?”

“तुमी हात मोजा, अप्पा,” सिद्धेश्वरी म्हणाली. “आमाला अजून तेवढं येत न्हाय, असं तुमीच लिवलंय की.”