एकोच्या बापाचा आठवडा

त्या वर्षी हरमाटनची, वाळवंटाकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याची, धूळ जरा जास्तच होती. सकाळी दार उघडलं की समोरचं नारळाचं झाड दिसायचं नाही, नुसती त्याची सळसळ ऐकू यायची. समुद्र तर कुठे गेला होता देव जाणे. भर दुपारी सूर्य पांढरा फटक, त्याच्याकडे खुशाल टक लावून बघावं. अशा दिवसांत आपण जागे आहोत की झोपेत चालतोय हे आपलं आपल्यालाच कळत नाही. एकोचा बाप गेला तो याच दिवसांत.

एको म्हणजे माझ्या मागच्या खोलीत राहणारा गोरा मिशनरी, मॉर्मन लोकांचा. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पट्टी आणि तिच्यावर लिहिलेलं ‘एल्डर टॉलमन’. एल्डर म्हणजे वडीलधारा. धड मिशी फुटलेली नाही आणि म्हणे वडीलधारा! आला त्या दिवशी मी विचारलं, “कुठल्या वारी जन्मलास?” तर त्याला ठाऊकच नव्हतं. आमच्या फांटी लोकांत नाव वारावरून पडतं. ज्याला आपला वार माहीत नाही त्याला हाक तरी काय मारायची? त्याने फोनमध्ये शोधलं, गुरुवार निघाला, आणि तो एको झाला.

त्याचा जोडीदार झिंबाब्वेचा, एल्डर माताविरे. दोघांनी एकमेकांना नजरेआड करायचं नाही असा त्यांचा नियम. एक न्हाणीत गेला तरी दुसरा अंगणात उभा. मी मेथडिस्ट चर्चची, जन्मभर तिथल्या एकाच बाकावर बसलेली. त्यांच्या पाण्यात बुडी घ्यायला मी जाणार नाही हे त्यांना लवकरच कळून चुकलं, तरी माझ्या धुराच्या भट्ट्यांवर वाळणारे विकायचे मासे उलटायला दोघं येतच राहिले. धुराने एकोचे डोळे लाल व्हायचे आणि बायका हसायच्या, “अगं अराबा, तुझा गोरा भाजला बघ!”

सोमवार त्यांचा कपडे धुण्याचा आणि घरी फोन करण्याचा. त्या सोमवारी एको भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलला, मग फोन खिशात घातला आणि उरलेले शर्ट पिळायला लागला. एक शर्ट त्याने इतका पिळला की बटण तुटून भट्टीपर्यंत गेलं.

“काय झालं रे?” मी विचारलं.

“वडील गेले,” तो म्हणाला. उभ्या उभ्या, ओल्या हातांनी.

माझ्या हातातली पाटी पडली. अशी बातमी आमच्यात कोणी अशी सांगत नाही. माणसाला आधी बसवतात, पाणी देतात, इकडचं तिकडचं बोलतात. मी अशी किंचाळले की शेजारची एफिबा हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली, आणि आम्ही दोघींनी गळा काढला. ज्याचा बाप गेला तो आम्हाला बसायला स्टुलं आणून देत होता.

“मग निघतोस कधी?” डोळे पुसून एफिबाने विचारलं.

“नाही जाणार,” तो म्हणाला.

आम्ही माताविरेकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. त्यांच्या चर्चच्या, राजधानीतल्या आक्र्याच्या साहेबांनी सांगितलं होतं, जायचं तर जा, राहायचं तर राहा, तुझं तू ठरव. आणि याने ठरवलं होतं. बाप वर्षभर आजारी होता. मुलाला विमानावर सोडताना तो म्हणाला होता, माझं काहीही झालं तरी काम अर्धं टाकून येऊ नकोस. मुलाने शब्द दिला होता.

“मरणारा माणूस असंच म्हणतो!” मी भडकले. “माझा नवरा म्हणायचा, मला पेटीबिटी नको, चटईत गुंडाळा. म्हणून मी त्याला चटईत गुंडाळला का?”

“आई, आम्ही पुन्हा भेटणारच आहोत. घरची माणसं कायमची असतात.”

“असतील. पण पुन्हा भेटणार म्हणून लॉरी स्टँडवर निरोप देताना कोणी रडत नाही?”

तो हसला. हसून उरलेले शर्ट दोरीवर टाकायला लागला.

दुसऱ्या दिवशी ते दोघं नेहमीसारखे बाहेर पडले. धुळीत दहा पावलांवर माणूस दिसेनासा व्हायचा. पांढरे शर्ट आधी विरले, मग काळ्या विजारी. गावात बभ्रा व्हायला कितीसा वेळ लागतो? आंबवलेल्या मक्याच्या पिठाची केंकी विकणारी म्हणाली, गोऱ्यांचं काळीज बर्फाचं असतं. जाळी शिवणारे म्हणाले, बापाने वाटणीत काही ठेवलं नसेल. मी सगळ्यांशी भांडले, आणि घरी येऊन मनात तेच म्हणत बसले की पोरगं रडत का नाही. ज्याच्यासाठी कोणी रडलं नाही तो मेलेला माणूस दारातून हलत नाही, असं आम्ही मानतो. मेथडिस्ट असलो तरी मानतो.

गुरुवारी पहाटे तो माझ्या स्वप्नात आला, तो बाप. किनाऱ्यावर उभा होता, जाड कोट घालून, पायांत चिखलाचे बूट. समुद्र नव्हता, तिथे नुसतं पांढरं शेत होतं लांबच लांब. तो वाकून माती चाचपत होता आणि माती काही उकरली जात नव्हती. मी म्हटलं, “बाबा, आत या, पाणी घ्या.” त्याने नको म्हणून मान हलवली, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

सकाळी मासे लावताना मी एकोला हे सांगितलं. त्याने फोन काढून एक फोटो दाखवला. ट्रॅक्टर, बटाट्यांची रास, आणि शेजारी जाड कोटातला माणूस. कोट तोच होता. आता सगळे कोट मला सारखेच दिसतात, ते सोडा.

“तुमच्या स्वप्नात येतात,” एको हळूच म्हणाला. “माझ्या नाही येत.”

“कसे येतील? तू दार लावून बसलायस.”

त्याने माशांची पुढची रांग उलटली. मग म्हणाला, “आई, मी रडायला लागलो तर थांबणार नाही. आणि मग मी घरी जाईन. म्हणून नाही रडत.”

आता कळलं. हे पोर काळजाने दगड नव्हतं, ते दाराला पाठ लावून उभं होतं. येत्या मंगळवारी तिकडे त्याच्या बापाला पुरायचं होतं. मी तिथेच ठरवलं, काय वाटेल ते होवो, याच्या बापाचा आठवडा माझ्या अंगणात करायचा.

आठवडा कोणालाही चुकत नाही. माणूस गेला की आठवड्याच्या आत-बाहेर कुळ जमतं, आणि पुरण्याचा दिवस कोणता, कुठे, कोणी काय नेसायचं ते सगळ्यांसमोर पुकारलं जातं. मी शनिवार धरला, कारण रविवारी ही पोरं चर्चमधून हलत नाहीत. एकोला म्हटलं, “चार माणसं येतील, प्रार्थना होईल.” प्रार्थना म्हटल्यावर तो नाही कसा म्हणेल? कुळाचा वडील क्वान्सा म्हातारा, त्याच्याकडे गेले तर तो अडून बसला.

“हा माणूस कुठल्या कुळाचा?”

“माझ्या अंगणात रडं आलंय, म्हणजे माझ्या कुळाचा.”

“असं कुठे असतं? उद्या तुझ्या अंगणात बकरी मेली तर—”

“क्वान्सा, तुमच्या सासऱ्याच्या आठवड्याला खुर्च्या कोणाच्या होत्या?”

मग काठी उचलून शनिवारी येतो म्हणाला.

शनिवारी दुपारी खुर्च्या लागल्या, कनात बांधली. बापाचा फोटो माताविरेने मोठा करून आणला होता, तो मधल्या खुर्चीवर ठेवला, ट्रॅक्टरसकट. बायका सुतकाचं काळं आणि तांबडं नेसून आल्या. धूळ इतकी होती की पलीकडच्या रांगेतली माणसं नुसत्या रंगांवरून ओळखू यायची. जाळी शिवणारेही आले, तोंडं पाडून. मेलेल्याच्या नावाने घोटभर दारू जमिनीवर ओततात, ती क्वान्साने बगलेत आणली होती. मी हातातून काढून घेतली.

“याच्या धर्मात चालत नाही. पाणी ओता.”

“पाणी! मेलेला माणूस उपाशी जाईल!”

“तो जन्मभर पाण्यावरच होता. ओता.”

पाणी ओतलं. माताविरेने प्रार्थना म्हटली, त्याचा आवाज छान होता. मग क्वान्सा काठी टेकत उभा राहिला आणि एकोकडे वळला. “पोरा, बापाला कधी आणि कुठे नेणार, ते कुळाला सांग.”

असं विचारतात हे एकोला कोणी सांगितलं नव्हतं. तो उभा राहिला, टाय सारखा केला आणि मोडक्यातोडक्या फांटीत म्हणाला, “मंगळवारी. सकाळी अकराला. आयडाहोमध्ये. गावाबाहेरच्या टेकडीवर.”

आमची माणसं सभ्य. दिवस पुकारला की बोलावणं झालं, आणि बोलावणं म्हणजे बोलावणं. एफिबाने लगेच विचारलं, “तिथले अकरा म्हणजे आपले किती?”

“संध्याकाळचे सहा,” माताविरे म्हणाला.

“थंडी असेल ना रे? काळ्यावर काही घ्यायला लागेल का?”

“आक्र्याहून गाडी किती वाजता मिळते?” मागून एका म्हाताऱ्याने विचारलं.

“गाडी नाही हो, विमान!”

“मग विमान. मंगळवारी पोचायचं तर उद्याच निघायला हवं.”

कोणी थट्टा करत नव्हतं. क्वान्साने काठी आपटली, सगळे गप्प झाले, आणि त्याने तो प्रश्न विचारला जो परगावच्या प्रत्येक मयताला विचारायचाच असतो. “ठीक आहे. आपल्याकडून कोण जाणार?”

जाणार तरी कोण? खुर्च्यांवरून एकेक मान वळत गेली आणि सगळ्या एकोवर येऊन थांबल्या. तो तसाच उभा होता, दोन्ही हातांत टाय धरून. त्याने फोटोकडे बघितलं.

“मी,” तो म्हणाला. “मी जाणार.”

आणि मग फुटला. तो खाली बसला तो धुळीतच, आणि इतक्या मोठ्याने रडला की माताविरे घाबरून त्याच्या पाठीवर पडला आणि स्वतःच रडायला लागला. आमच्या बायकांना काही सांगावं लागत नाही. एफिबाने सूर लावला, बाकीच्यांनी उचलला. ज्या माणसाला कोणी पाहिलं नव्हतं त्याच्यासाठी सगळं अंगण रडलं. मीही रडले, पण माझं रडणं थोडं वेगळं होतं. आठवडाभर मी त्याला जा जा म्हणत होते. तो जातो म्हणाला तेव्हा मला कळलं की सोमवारी दोरीवर त्याचे शर्ट नसणार.

रविवारी पहाटे आक्र्याची गाडी आली. बॅग गाडीत ठेवून तो माझ्याजवळ आला. “आई, बाबा रागावतील?”

“रागावले तर कान धरून उभा राहा. पण समोर उभा राहा.”

त्याने मला मिठी मारली. त्यांना बाईमाणसाला मिठी मारायची बंदी आहे, माताविरेने दुसरीकडे बघितलं. गाडी दिव्यांसकट धुळीत गेली. माताविरेला नवा जोडीदार येईपर्यंत केप कोस्टच्या मिशनरी पोरांकडे नेलं, आणि मागची खोली बंद झाली.

मंगळवारी आमच्याकडे होड्या समुद्रात जात नाहीत, तो समुद्राचा विसाव्याचा वार. म्हणून सगळं गाव घरीच असतं. संध्याकाळी मी भट्ट्या विझवून अंगणात आले तर कनातीच्या जागी एफिबा बसलेली. काळं नेसून, त्यावर मुलाचा जुना स्वेटर.

“तू गं काय?”

“बोलावणं होतं ना,” ती म्हणाली. “जायला जमलं नाही. मग इथे तरी बसावं.”

मी आत जाऊन काळं नेसून आले. तेवढ्यात धुळीतून एकेक जण येत गेला, केंकीवाली आली, जाळी शिवणारे आले. शेवटी क्वान्सा आला आणि आमच्यात बसला. सूर्य पांढराच होता, खाली गेला तरी पांढराच. कोणाला काही दिसत नव्हतं, आणि सगळे समोर बघत होते.

“पोरगं पोचलं असेल?” एफिबाने हळूच विचारलं.

“काल पोचला. फोन आला होता.”

“मग आता माती टाकत असेल.”

“हो,” मी म्हटलं. “टाकत असेल.”

क्वान्सा उठला. आम्हीही उठून उभे राहिलो.