कमी आवाजाचा कंप्रेसर

गाडी घरीच रंगवायची असं आमच्या जावईबापूंनी ठरवलं आणि सल्ला विचारला कोणाला? मोबाईलला! पस्तीस वर्षं गाड्या रंगवलेला सासरा समोर खुर्चीत बसलेला असताना. मी म्हटलं, विचारा, विचारा. गाडीचं दार घासायलाही तोच येईल.

गाडी माझीच, जुनी, लेकीला दिलेली. मागच्या वेळी गाडीला रंग मीच मारला होता, आणि आता शेवटचाही मीच मारायचा, एवढी एकच इच्छा उरली होती. पण डॉक्टर म्हणतो, रंगाच्या वाफेने फुप्फुसं पार गेलीत, परत रंगाजवळ गेलात तर सरळ वरच जाल. त्याच्या दवाखान्याच्या भिंतींना पोपडे आलेत. अशा माणसाचं मी रंगाच्या बाबतीत काय ऐकायचं?

रंगाच्या गनला हवा पुरवणारा कंप्रेसर आणायला जावईबापू एकटेच सटकणार होते. मी आधीच गाडीत जाऊन बसलो. लेक दारातून नवऱ्याला म्हणाली, "सांगितलंय ते लक्षात ठेव." त्याने नंदीबैलासारखी मान हलवली.

दुकानदार प्रेशरचे आकडे फेकत होता. मी म्हटलं, "बाबा रे, प्रेशरचं कौतुक मला सांगू नकोस. मिनिटाला हवा किती देतो ते बोल. रंगाची गन हवा घटाघटा पिते. टाकी लहान असली तर अर्ध्या दारावर उचक्या द्यायला लागते. तो कोपऱ्यातला मोठा दाखव."

त्याने मोठा चालू केला. काय आवाज होता! उभा जन्म गेला माझा त्या आवाजात. नुसता ऐकला तरी हात शिवशिवतात.

जावईबापूंनी मात्र कानांत बोटं घातली. "याहून कमी आवाजाचा आहे का?"

दुसरा दाखवला.

"याहूनही कमी?"

"जावईबापू," मी म्हटलं, "गाडी रंगवायची आहे, झोपवायची नाही."

पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी घेतलं काय, तर खेळणं! बादलीएवढी टाकी आणि मांजर गुरगुरावं तेवढा आवाज. "सायकलची चाकं फुगवा यानं," मी म्हटलं. दुकानदार फिदीफिदी हसला. जावईबापू लाल झाले, पण घेतलं तेच. शिकलेल्या माणसाला समजावणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

रविवारी दुपारी मी जरा आडवा झालो होतो. आवाज कसला तो आलाच नाही. पण थिनरचा वास? तो मला मेल्यावरही येईल. उठलो आणि तडक मागच्या शेडमध्ये गेलो.

यंत्र धापा टाकत होतं, गन उचक्या देत होती आणि जावईबापू घामाघूम. रंग दारावर बसलाच नव्हता, थुंकल्यासारखा उडाला होता.

"अरे रे रे! आणा ती इकडे."

"बाबा, नको! तुम्ही आत जा."

मी गन हिसकावली. एक पट्टा मारला. दुसऱ्या पट्ट्याला मला खोकला आला आणि असा आला की थांबेचना. डोळ्यांपुढे अंधारी आली. जावयानं मला बखोटीला धरून बाहेर आणलं, पायरीवर बसवलं. लेक पाणी घेऊन धावत आली. नवऱ्याला म्हणाली, "एवढा लहान आणलास, तरी बाबांना कळलंच?"

"म्हणजे?" मी कसंबसं विचारलं.

जावई खाली बघत म्हणाला, "बाबा, तुमचं दुकानातलं सगळं बरोबर होतं. हा पुरणार नाही हे मलाही कळत होतं. पण मोठा चालू झाला की तुम्ही उठून येणार. म्हणून ही म्हणाली, बाबांच्या खोलीत ऐकू जाणार नाही असाच आण. दार बिघडलं तर बिघडलं."

मला लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार माणसांत मी त्याचं हसं केलं होतं आणि त्यानं ते मुकाट गिळलं होतं.

"उद्या हे खेळणं बदलून आणा," मी म्हटलं. "तो मोठा घ्या. मी पुढच्या खोलीत दार-खिडकी लावून बसेन."

लेकीचा विश्वास बसेना. तिचाही दोष नाही, बापाला ओळखून आहे.

"हवं तर बाहेरून कडी घाल," मी म्हटलं.

मोठा आला. दार आधी घासून काढलं, तेही म्हणे मोबाईलला विचारून. मी खोलीत बसलो. बंद काचेतूनही गनचा आवाज मला बरोबर कळतो. पहिला हात नीट गेला. दुसरा बरा. तिसऱ्याला गाढवानं घाई केली. माझा हात खुर्चीवर राहीना. उठलो, दारापर्यंत गेलो, जरा ढकलून पाहिलं. कडी बाहेरून घातलेलीच नव्हती.

मी आतली कडी घातली आणि परत येऊन बसलो.