गालाला लावलेला हात

आदितीचं आजोळ निपाणीकडचं, त्यामुळं कन्नड तिच्या तोंडात लहानपणीच बसलेलं. शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात ती दुभाषी होती. सीमेपलीकडून येणाऱ्या पेशंटांचं बोलणं डॉक्टरांना मराठीत सांगायचं आणि डॉक्टरांचं त्यांना कन्नडमध्ये, हे तिचं काम. समोर कुणी लिहीत बसलं की माणसं बिचकतात, म्हणून ती सगळं डोक्यातच धरून ठेवायची. तिला त्याचा जरा अभिमानही होता.

त्या दिवशी मात्र डोकं जड झालेलं. भावाच्या साखरपुड्याच्या गडबडीत धड झोप नव्हती, पोटात नुसता चहा. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आलेल्या रत्नाबाईंना भूलतज्ज्ञ डॉ. तेजस्वींनी विचारलं, पूर्वी कुठल्या औषधाचा त्रास झाला होता का? म्हातारी बोलायला लागली ती थांबेचना. साखर, रक्तदाब, सुनेचं बाळंतपण, सगळं एका दमात. मधेच आदितीच्या मांडीवरचा फोन थरथरला. मंडपवाल्याचा होता. तिनं तो कापला आणि परत कान दिला. मग साखरेचं, रक्तदाबाचं, गोळ्यांचं तिनं व्यवस्थित सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

कँटीनमध्ये पोह्यांचा घास तोंडात घातला आणि तिला रत्नाबाईंचा हात आठवला. बोलता बोलता त्यांनी तो गालाला लावला होता. तिनं मराठीत जे सांगितलं त्यात गाल कुठंच नव्हता. ते शब्द काही केल्या आठवेनात. अंदाजानं काहीतरी जुळवणं तिला पटेना. बशी तशीच ठेवून ती वॉर्डात गेली.

“अव्वा, गालाचं काय सांगत होता?” तिनं कन्नडमध्ये विचारलं.

रत्नाबाईंनी न कंटाळता पहिल्यापासून सांगितलं. दाढ काढताना दिलेल्या भुलीच्या इंजेक्शननं तोंड सुजलं होतं, श्वास कोंडला होता. आदिती तडक डॉक्टरांच्या खोलीत गेली.

“मॅडम, एक गोष्ट माझ्याकडून राहिली,” ती म्हणाली आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

डॉ. तेजस्वींनी पेन खाली ठेवलं. “वेळेत आलीस की. आधी तपासण्या करूया, मग औषध ठरवू.”

औषध बदललं. ऑपरेशन थोडं लांबलं, पण नीट पार पडलं. तेव्हापासून आदिती फोन कपाटात ठेवून, पोटभर खाऊन बसायची. कुणाचं बोलणं लांबलं, तर हळूच हात वर करून थांबवायची, तेवढं डॉक्टरांना सांगायची आणि मगच पुढचं ऐकायची. कुणाला राग आला नाही. उलट माणसं सावकाश बोलू लागली.

घरी जायच्या आदल्या दिवशी रत्नाबाई वॉकर धरून खिडकीपर्यंत चालल्या. मग त्यांनी आदितीला शेजारी बसवून घेतलं आणि गावाकडच्या म्हशीची, शेंगांची, हट्टी नातवाची गोष्ट काढली. आदिती पाय लांब करून ऐकत बसली. यातलं कुणाला मराठीत काही सांगायचं नव्हतं.