ओठांनी दाखवलेला पत्ता

खोटं बोलेन तर माझे उरलेले दोन दात आत्ता पडोत! यातला शब्द न् शब्द खरा आहे.

आमच्या इलोइलो शहरात गोरिंग म्हणून बाई होती. ट्रायसिकली, म्हणजे आमच्या तीनचाकी रिक्षा, दुरुस्त करायची, केस गड्यासारखे, नखं ग्रीसनं काळी. सालुदबरोबर तिनं उभा जन्म एका घरात काढला, पण कुणी विचारलं की सांगायची, "चुलत बहीण." सालुद गेली. मेल्यावर चाळिसाव्या दिवशी आत्मा घर सोडतो, त्या दिवशी प्रार्थना, जेवण. ते सालुदच्या भावानं आपल्या घरी घातलं आणि गोरिंगला निरोप धाडला, "येतेस तर ये, भांडी घासायला माणूस कमीच आहे."

गोरिंग गेली नाही. सालुदच्या आवडीचे इबोस केले, नारळाच्या दुधातला चिकट भात पानात गुंडाळून. टोपली घेतली आणि निघाली. तिला एवढंच हवं होतं, चार माणसांत बसून सालुद आपली कोण होती ते एकदा खरं सांगायचं. पुतणीनं फोनवर शोधून दिलं होतं, तिच्यासारख्यांचा गट, बेकरीच्या माडीवर.

माडीवर बायका गाण्यावर उड्या मारत होत्या. "गट? तो कधीच हलला, मानांग," नाचवणारा म्हणाला, मानांग म्हणजे थोरली ताई, आणि ओठांचा चंबू करून रस्त्याकडे दाखवलं. आमच्यात वाट दाखवायला हात कोण उचलतो! पण ओठांना गल्लीबोळ कळतात का?

चंबूच्या दिशेला गेली, तर तिथं निघालं प्रार्थनामंडळ. त्यांनी प्रेमानं बसवलं, पंखा लावला आणि डोक्यावर हात ठेवून 'ही बरी होवो' म्हणून सुरूच केलं!

"मी आजारी नाहीये!" गोरिंग ताडकन उठली.

पुढच्या ठिकाणी गट होता खरा, पण तरण्या पोरांचा. कानात डूल घातलेला पोरगा म्हणाला, "आमच्याकडे पंचविशीच्या आतलेच, मानांग."

"मग आम्ही काय समुद्रात उडी टाकायची?"

पोरानं खांदे उडवले नि पार्लरकडे चंबू केला. पुन्हा ओठ!

पार्लरवाली मिस ओर्किड एकीच्या केसांना रंग फासत होती. हात भरलेले. टोपली बघून तिनं मागं चंबू केला. गोरिंग तरातरा मागं गेली, दार उघडलं, आणि थेट डुकरांच्या खोपटात! डुकरीण तर अशी धिप्पाड, की रस्त्यावरची बस तिला वाट देते.

चिखलानं माखलेली गोरिंग परत आली ती ओरडतच. "आग लागो तुमच्या ओठांना! माझी बायको मेलीय, आज तिचा चाळिसावा, आणि सगळं गाव मला डुकरात घालतंय!"

कुणीतरी हेअर ड्रायर बंद केला. गोरिंगनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

"अगं मानांग," मिस ओर्किड हळूच म्हणाली, "टोपली मागच्या टेबलावर ठेव म्हणत होते मी."

रंग लावलेली बाई म्हणाली, "नाव काय तिचं?"

"सालुद."

"बस. गट इथंच भरतो."

"मग फोनवरचा पत्ता बदलायला काय धाड भरली होती?"

"आम्ही पासवर्ड विसरलोय गं!"

गोरिंग धुसफुसतच बसली. सालुदचं सांगताना दोनदा 'बहीण' म्हणाली, दोनदा स्वतःला शिवी हासडली. इबोस सगळ्यांनी खाल्ले, ताजे, गोड.

थांबा, दात हलतोय. इबोस ताजे नव्हते. दिवसभराच्या उन्हात पार आंबले होते. पण एकीनंही तोंड वाकडं केलं नाही. डुकरीण मात्र सांगितली तेवढीच मोठी होती.