नेरीच्या ट्रॅक्टरचे चार प्लग

पक्षाघातानंतर नेरीकडे एकच शब्द उरला होता: मंगळवार. भूक लागली तरी मंगळवार, डास चावला तरी मंगळवार, आणि त्याच्या बायकोने, एदुविहेसने, पांघरूण सारखं केलं तरी मंगळवारच. सान हासिंतो गावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, शब्द येतील हळूहळू. उन्हाळा सरला, पण शब्द काही आले नाहीत.

रताळी मात्र तयार झाली होती. दक्षिणेकडून आभाळ भरत होतं, आणि ओल्या मातीत राहिलेलं रताळं कुजतं. त्यातच ट्रॅक्टरने असहकार पुकारलेला. चालू व्हायचा, गचके खायचा, काळा धूर ओकायचा आणि नांगर टेकवला की मान टाकायचा.

शेजारचा दार्दो कुंपणाशी सायकल थांबवून ओरडला, "शेजारीणबाई, तुमचा लोखंडी बैल दोनच पायांवर चाललाय!"

"मला ऐकू येतंय. तुझा दे की दोन दिवस."

"माझा द्राक्षांत अडकलाय शनिवारपर्यंत. प्लग काढून बघा. नेरी दर हंगामाला काढून बसायचा."

"नेरी बसायचा. मी नाही."

"मग आता तुम्ही बसा," म्हणून तो गेलासुद्धा.

नेरीला उठवणं, धुणं, भरवणं यातच तिची निम्मी सकाळ गेली होती. कंबर बोलत होती. तरी तिने त्याला खुर्चीसकट शेडमध्ये ओढत आणलं, गुडघ्यांवर घोंगडी टाकली आणि इंजिनाचे चारही प्लग काढून फळीवर मांडले. चारही काजळीने माखलेले. टोकं झिजून ठिणगी पडायची फट रुंदावली होती. ठिणगी एवढं अंतर ओलांडणार कशी?

फट मोजायच्या पातळ पोलादी पात्यांचा जुडगा तिने पंख्यासारखा उघडला. "यातलं कुठलं रे?"

"मंगळवार."

"ते माहीत आहे मला. बोट ठेव."

त्याच्या डाव्या हाताचं बोट एका पात्यावर टेकलं. मग त्याने मान नाही म्हणून हलवली, मग हो म्हणून, आणि पुन्हा बोट तिथेच टेकवलं. तिने तेच घेतलं.

पहिला प्लग जमला. वरची वाकडी आकडी लाकडावर हलकेच ठोकायची, पातं सरकवून बघायचं, पुन्हा ठोकायची. दुसराही जमला. तिसऱ्याला तिने जरा जोरात ठोकलं आणि फट मिटूनच गेली. घाईने तिने स्क्रूड्रायव्हर आत घातला आणि मधल्या टोकावर रेटा देऊन आकडी उचकटली. कट्! आतलं पांढरं चिनीमातीचं नळकांडं तडकलं.

"मंगळवार! मंगळवार! मंगळवार!" नेरीचा चेहरा लाल झाला.

"ओरडू नकोस!" तिने स्क्रूड्रायव्हर भिरकावला. "चाळीस वर्षं या इंजिनाला मला हात लावू दिलास? 'तू स्वयंपाकघर बघ, एदु. तू कोंबड्या बघ, एदु.' आता कोंबड्याही मीच बघते, तुलाही मीच बघते आणि हेही मीच बघायचं? मला नाही येत! मी दमलेय, म्हाताऱ्या!"

ती बादली पालथी घालून तिच्यावर बसली. रडायलाही अंगात जोर नव्हता.

मागे खुर्ची करकरली. नेरी उठत होता. एका हाताने भिंत धरून, मेलेला पाय ओढत तो मांडणीपर्यंत गेला. ती धावली नाही. नुसती बघत राहिली. पडला असता तर उचलावंच लागलं असतं. त्याने बिस्किटांचा एक गंजका डबा खाली ढकलला. जुने, बदलून टाकलेले प्लग जमिनीवर घरंगळले. त्यातला एक त्याने पायाने तिच्याकडे सरकवला.

तो प्लग तिने घासून साफ केला. नेरी येऊन फळीला टेकला आणि त्याने डाव्या मुठीत प्लग घट्ट धरला. तिने आकडीला हलका ठोका दिला आणि पातं सरकवलं. सैल. दुसरा ठोका. मग त्याने प्लग तिच्या हातात दिला आणि तिचं मनगट धरून पातं हळूच मागे ओढायला लावलं. पातं अडलं नाही, पण सुटंही आलं नाही. लोण्यातून सुरी निघावी तसं आलं.

"एवढंच?" तिने विचारलं. "यासाठी चाळीस वर्षं दार लावून बसत होतास?"

नेरीचा अर्धा चेहरा हसला. दुसऱ्या अर्ध्याला ते जमत नव्हतं.

चौथा दोघांनी मिळून केला आणि तिने चारही परत इंजिनात बसवले. ट्रॅक्टर पहिल्यांदा खोकला, दुसऱ्यांदा फुरफुरला आणि मग चारही पायांवर उभा राहिला. नेरीला खुर्चीत बसवून ती शेतात गेली. लाल-जांभळी रताळी सऱ्यांतून वर येऊ लागली. दुपारभर ती नांगरत होती आणि खाली उतरून ओणव्याने रताळी पेट्यांत भरत होती. संध्याकाळी भुरभुर सुरू झाली तेव्हा दोन सऱ्या राहिल्या होत्या. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि ट्रॅक्टर घराकडे वळवला.

नेरी खुर्चीतच झोपला होता, मान एका बाजूला कललेली, पँट ओली. तिने त्याला उठवलं, आत नेलं, पाणी तापवलं, कपडे बदलले. मग दोघं भोपळ्याचं सूप प्यायली. तो डाव्या हाताने सांडत पीत होता आणि तिने ते पुसलं नाही, राहू दिलं.

बाहेर पावसाचा जोर वाढला. आपण काजळीचे हात धुतलेच नव्हते, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा सूपबरोबरचा पाव संपलेला होता.