पाठीमागची बारादरी

अंगणात वाळत घातलेलं धान तुम्ही पाहिलं असेल, मित्रांनो. पण त्याच्याखाली काय अंथरलंय, ते कोणी पाहत नाही. खाली मी असतो. मी एक जुना पडदा आहे, किंवा खरं सांगायचं तर पडद्याचा उरलेला तुकडा. धान हाताने जरा बाजूला सारलंत, तर तुम्हाला लाल छप्पर दिसेल, चार खांब दिसतील आणि एका खांबावर चोच तुटलेला पोपट दिसेल. चित्र पुसट झालंय, पण ओळखू येतं. एके काळी हे चित्र पाहायला लांबलांबची माणसं गाड्या जुंपून येत. तेव्हाचा माझा तोरा काय सांगू! पण पुढे मला फसवलं गेलं, आणि ते मी अजून विसरलेलो नाही.

आमचं गाव खैरटोला, दवनीवाड्याच्या वाटेवरचं. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, एका बाजूला तलाव आणि तलावाच्या उंच पाळीवर एक बारादरी. मागे दगडचुन्याची भिंत, पुढे चार सागवानी खांब आणि वर कवेलूंचं उतरतं छप्पर. ती किती जुनी, हे नक्की कोणालाच ठाऊक नव्हतं. गावातले पवार म्हणत, आमचे वाडवडील माळव्यातून आले, तेव्हा पहिल्या गाड्या इथेच सोडल्या आणि त्याची आठवण म्हणून ही बारादरी बांधली. खांबांवर पोपट कोरलेले होते. त्यातल्या एकाची चोच कधीतरी तुटली होती आणि गावातली पोरं येता-जाता नेमका त्याच्याच डोक्यावरून हात फिरवत.

या बारादरीची काळजी वाहायची फुलवंताने. तिचा नवरा लक्ष्मीचंद जिवंत होता, तोवर दर उन्हाळ्यात स्वतः वर चढून फुटके कवेलू बदलायचा. तो गेल्यावर कवेलू बदलायचे राहिले, पण फुलवंताने तिथले रांजण कधी रिकामे पडू दिले नाहीत. बाजाराहून परतणारा माणूस बारादरीत टेकायचा, पाणी प्यायचा, दोन गोष्टी बोलून वाटेला लागायचा. सारा गाव तिला काकी म्हणे.

देश स्वतंत्र झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मोठं वादळ आलं आणि बारादरीचं अर्धं छप्पर उडून तलावात पडलं. गावच्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, हात वर केले. मालगुजारीच जाणार असं ऐकू येत होतं, तर ते कशाला खर्च करतील? मग गावकरी बारादरीतच जमले. काकीचा सख्खा पुतण्या धनलाल उभा राहिला. देखणा गडी आणि गळा असा गोड, की त्याने नुसती हाक मारली तरी लोक थांबत. तो म्हणाला, "मंडईत दंडार लावू. जो पाहाले येईन तो एक सूप धान टाकीन. त्या धानात बारादरी उभी होते. काकी, तू कायले फिकर करतेस?"

दिवाळी झाली, की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात आणि भर दुपारी दंडारीचा, म्हणजे नाचगाण्याच्या नाटकाचा, खेळ रंगतो. नवं धान घरात आलेलं असतं, त्यामुळे एक सूप कोणाला जड जात नाही. धनलालची युक्ती सगळ्यांना पटली. आणि दंडारीला पडदा हवा म्हणून माझा जन्म झाला.

घरोघरचं एकेक धोतर, एकेक लुगडं गोळा झालं. काकीने पेटीतून लक्ष्मीचंदची दोन कोरी धोतरं काढली. लेकीच्या लग्नात नेसायला म्हणून त्याने घेतली होती, पण तो दिवस त्याला दिसला नाही. धोतरं पांढरीशुभ्र होती, म्हणून ती बरोबर मधोमध लागली. बायकांनी बारादरीतच बसून मला शिवलं आणि मधले टाके काकीने स्वतः घातले. मग बैलगाड्या रंगवणारा चैतराम गेरू, नीळ, हळद, काजळी आणि चुना सरसात खलून घेऊन आला. त्याने माझ्यावर बारादरी काढली, तीही वादळाआधीची, छप्पर सगळं जागच्या जागी असलेली. पोपटाची चोचही त्याने जोडून टाकली होती. काकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चोच काऊन जोडली? आमचा पोपट असा नाही." चैतराम हसला आणि त्याने चोच पुसून टाकली.

पहिल्या मंडईत मला ताणून बांधलं, तेव्हा माझा ऊर भरून आला. दुपारचं ऊन लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये, म्हणून त्यांना पूर्वेकडे तोंड करून बसवलं होतं. मी त्यांच्या समोर. आणि त्यांच्या पाठीमागे, पश्चिमेला, तलावाच्या पाळीवर खरी बारादरी. हे ध्यानात ठेवा, मित्रांनो, कारण पुढची सगळी गोष्ट याच्यावर आहे. लोकांना मी दिसत होतो. मला लोकही दिसत होते आणि त्यांच्या डोक्यांवरून तीही दिसत होती.

धनलालने माझ्याकडे हात करून असं गाणं म्हटलं, की म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. काकीने पहिलं सूप ओतलं. मग रांगच लागली. कवडू नावाचा एक गरीब गडी ओंजळभरच धान घेऊन आला होता, त्यालाही धनलालने नमस्कार केला. धानाचा ढीग वाढताना पाहून मी पाळीकडे बघितलं आणि मनात म्हटलं, बाई, आता तुझे चांगले दिवस आले.

धान विकलं गेलं आणि त्याची पेटी आली. बाजाची पेटी! धनलाल काकीला समजावायला गेला. "पेटीबिगर खेळ फिका पडून राहिला, काकी. यंदा पेटी झाली; पुढच्या सालाले दुप्पट लोक येतीन. मंग छप्पर काय, दुसरी बारादरी बांधू!" काकीला ते खरं वाटलं. मलाही वाटलं. तिने छपराच्या उघड्या भागावर स्वतःच गवत शाकारून घेतलं.

पुढच्या वर्षी लोक खरंच दुप्पट आले. त्या धानातून जरीचे कपडे आणि मुकुट आले. त्याच्या पुढच्या वर्षी कनात आली. दर वर्षी कारण चांगलं असे आणि दर वर्षी धनलालचा गळा आणखी गोड होई. सौंदडचं बोलावणं आलं, दवनीवाड्याचं आलं. तिथेही मला टांगून बारादरीचं गाणं म्हणत आणि तिथलेही लोक सूप रितं करत. कोणी म्हणे, "काय पडदा आहे! जणू खरीच इमारत उभी केली!" मी फुलून जायचो. खेळ नसला, की मला बांबूला गुंडाळून बारादरीच्या आढ्याला टांगत, आणि तिथे गवतातून गळणारं पाणी मी रोज पाहायचो. तरी माझा धनलालवर विश्वास होता. ज्याने माझ्यापुढे उभं राहून एवढ्या लोकांना शब्द दिला, तो ते वचन मोडेल कसा?

मालगुजारी खरोखर गेली, त्याच्या पुढच्या आखाडातली गोष्ट. सकाळपासून पाऊस कोसळत होता. काकी बारादरीत घमेली मांडून गळतीचं पाणी झेलत होती. एवढ्यात पाळीवरून धनलाल आणि त्याच्या दंडार मंडळाची माणसं धावत येताना दिसली. खांद्यावर शिडी, हातात दोर, डोक्यावर ताडपत्री. काकीचा चेहरा असा उजळला, की मला आजही तो आठवतो. "आले रे बाबू! आले!" म्हणत तिने घमेली बाजूला सारली आणि शिडी लावायला जागा करून दिली.

धनलाल शिडीवर चढला. आढ्याला बांधलेला दोर सोडून त्याने मला खाली घेतलं. ती ताडपत्री माझ्याभोवती गुंडाळली.

काकी म्हणाली, "धनलाल, पडदा नेऊन राहिलास. अन् बारादरी?"

"पडदा भिजला तर रंग जाईन, काकी. बारादरी कुठं पळून जाते?"

त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि ते निघाले. मी कोरडा होतो, अगदी ठणठणीत कोरडा. ताडपत्रीच्या फटीतून मला काकी दिसली. तिने पुन्हा घमेली उचलून गळतीखाली मांडली. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या रंगांची लाज वाटली, मित्रांनो. ज्यांनी मला जिच्यासाठी बनवलं, त्यांनीच तिला भिजत सोडून मला वाचवलं.

त्यानंतर मी धनलालच्या घरी, माळ्यावर राहू लागलो. मंडई काही चुकली नाही. एका वर्षी ऐन गाण्यात, "बारादरी आमची माय" या ओळीवर ढोलकी चढत असताना, माझ्या डोळ्यांदेखत पाळीवरच्या भिंतीचा कोपरा ढासळला. धुळीचा लोट उठला. आवाजही झाला असेल, पण ढोलकीत तो कोणाला ऐकू आला नाही. माणसं माझ्याकडे पाहून माना डोलावत होती. मी ओरडू शकत असतो, तर ओरडलो असतो, की अरे, एकदा मागे वळा! पण पडद्याचं कोण ऐकतं?

मग एका पावसाळ्यात काकी लेकीच्या बाळंतपणाला सौंदडला गेली आणि दिवाळीपर्यंत तिकडेच राहिली. त्याच पावसात भिंत बसली आणि छप्पर खाली आलं. गावात कोणाला दुःख झालं नाही असं नाही. दोनचार दिवस सगळे हळहळले. मग धनलाल म्हणाला, "लाकूड सडून जाईन. त्यापक्षा कामी तरी येऊ दे." दगड गाड्यांत भरून आणले, त्यांचा पक्का रंगमंच झाला. वर चार खांब उभे राहिले. आणि मंडईच्या दिवशी मला त्या खांबांना बांधलं. माझ्या डाव्या काठाला काहीतरी ओळखीचं टोचलं. पाहतो तर तुटकी चोच.

खेळ सुरू झाला. धनलालने गाणंही तेच म्हटलं आणि सूपही तसंच पुढे ठेवलं! लोक धान टाकू लागले. तेवढ्यात लेकीकडून परतलेली काकी गाडीतून थेट मंडईत उतरली. वाटेत दुकानांची पालं आडवी होती, त्यामुळे तिला पाळ दिसली नव्हती. लेकीच्या घरचं नवं धान सुपात घेऊन, पदर सावरत ती पुढे आली. सूप ओतणार, तोच तिची नजर खांबावर गेली. तिने हात लांब करून पोपटाच्या डोक्यावर ठेवला.

"धनलाल, हा खांब कुठला?"

"काकी, खाली बस. खेळ सुरू आहे."

"कुठला म्हणून पुसून राहिले ना मी?"

"आपलाच. बारादरीचा. सडून राहिला होता तिथं."

"मंग हे सूप कोनासाठी आणलं मी?"

इतक्या वर्षांची सवय. धनलालच्या तोंडून निघून गेलं, "बारादरीसाठीच, काकी."

कोणीतरी फिसकन हसलं. मग कोणीच हसलं नाही. पेटी थांबली. काकीने सूप खाली ठेवलं, ती रंगमंचावर चढली आणि कमरेचा विळा काढला. धनलाल गडबडला. "काकी, काय करून राहिलीस? खेळ मोडून राहिला!"

"माह्या नवऱ्याची धोतरं नेऊन राहिले. बाकीचा पडदा ठेव तुले."

तिने घातलेले टाके तिनेच उसवले. मला दुखलं नाही. उलट इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याशी खरेपणाने वागत आहे, असं वाटलं. मधला भाग सुटून तिच्या हातात आला, आणि उरलेल्या पडद्याला मधोमध मोठं भगदाड पडलं. तिने मला खांद्यावर टाकलं आणि लोकांना म्हणाली, "आता तरी मागं पाहा."

समोर पाहायला काही उरलंच नव्हतं. लोक वळले. सगळे एकदम. बारादरी पडली हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण मंडईत बसून तिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. पाळीवर नुसतं आभाळ होतं, आणि काकीचा एक रांजण. कवडू उठला आणि त्याने आपलं धान ढिगातून परत ओंजळीत घेतलं. धनलाल पेटीवर हात ठेवून खाली मान घालून बसला होता.

त्याला काही वर्षं झाली. यंदा महाराष्ट्र राज्य झालं, गोंदियाला मोठी मिरवणूक निघाली म्हणतात. खैरटोल्यात रंगमंच आहे, त्यावर शहरातून आणलेला नवा पडदा आहे, राजवाड्याचा. मी काकीच्या अंगणात असतो. गाईचे खूर, कोंबड्यांच्या चोची, ऊन, सगळं सोसतो. हळद तर केव्हाच उडाली. मला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं ते एवढंच, की माझं रूप दाखवून त्यांनी माणसांची मनं जिंकली आणि जिचं ते रूप होतं, तिला विकून खाल्लं. याबद्दल मी धनलालला माफ केलेलं नाही, आणि गावालाही नाही.

म्हणून तुम्हाला विनवतो, मित्रांनो. कोणी जुन्या वास्तूचं चित्र दाखवून गाणं म्हटलं, तर जरूर ऐका आणि सूपभर द्याही. पण देऊन थेट घरी जाऊ नका. आधी त्या वास्तूपर्यंत चालत जा, तिच्या खांबाला हात लावा, वर छप्पर आहे का ते बघा. आमच्या मंडईतून पाळ अगदी जवळ होती हो, पण तेवढंही कोणी चाललं नाही.

दर दिवाळीनंतर नवं धान घरात आलं, की काकी पहिलं सूप घेऊन अंगणात येते. मला झटकून अंथरते, पोपटाच्या डोक्यावरून हात फिरवते आणि ते धान माझ्यावर ओतते. तिच्यापाशी एवढीच बारादरी उरली आहे.